जिनसेंगवरील संस्कार : एक प्रस्तावना

इ. स. १७५२ मध्ये कॅनडातील फ्रेंच वसाहतीतून जिनसेंगच्या वाळविलेल्या मुळ्यांची जी रवानगी झाली तिची किंमत ५,००,००० लिव्हर (त्या काळचे फ्रेंच चलन) भरली. आणि पुढे दोनच वर्षांनी, १७५४ साली, तो आकडा ३३,००० वर येऊन ठेपला. व्यापाराच्या इतिहासात भरती-ओहोटीचे प्रसंग विरळा नाहीत. तथापि या ओहोटीचे कारण निराळे होते. कॅन्टनच्या पेढ्यांवर मुळीचा भाव चढल्याची वार्ता येताच वसाहतीतील लोकांनी शरद ऋतूपर्यंत दम न धरता ती भलत्याच हंगामात उपटली, आणि मंद उष्णतेवर सावकाश वाळवावयाची ती भट्टीत घालून घाईघाईने सुकविली; माल चीनमध्ये पोहोचल्यावर तेथील पारख्यांनी तो नापसंत केला, आणि एका वसाहतीचा भरभराटीस आलेला धंदा बुडाला. जेझुइट पाद्री लाफितो यांनी १७१६ मध्ये माँट्रियलनजीकच्या अरण्यात जी वनस्पती शोधून काढली, तीच वनस्पती १७५२ मध्येही त्या अरण्यात उगवत होती. बदलला होता तो केवळ उपटण्याचा काळ आणि वाळविण्याचा प्रकार, आणि तेवढ्याने जिन्नस दुसरा झाला होता.

लाफितो यांना ज्या पत्रावरून या शोधाची प्रेरणा मिळाली, ते पत्र जार्तू नावाच्या दुसऱ्या जेझुइटाने १७११ मध्ये लिहिले होते. कांगशी बादशहाच्या आज्ञेवरून मांचुरियाच्या मुलखाचा नकाशा तयार करण्याच्या कामी हा पाद्री तैनात होता, आणि १७०९ मध्ये कोरियाच्या सरहद्दीजवळ ही मुळी त्याच्या पाहण्यात आली. मुळी धुऊन, पिवळ्या भरड धान्याच्या मंद वाफेवर झाकून ठेवून, हळूहळू कशी सुकवितात याचे वर्णन त्याने केले आहे. उन्हात वा विस्तवावर वाळविल्यास गुण राहतो, परंतु चिनी लोकांना प्रिय असलेला रंग येत नाही, असेही त्याने नमूद केले आहे. याहून सहा शतके जुना पुरावा शू जिंग याचा. सुंग दरबाराच्या वकिलातीबरोबर तो ११२३ मध्ये कोर्यो राज्याच्या राजधानीत, म्हणजे केसाँग येथे गेला, आणि परतल्यावर लिहिलेल्या वृत्तांतात त्याने कच्च्या व शिजविलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या जिनसेंगचा उल्लेख केला. कच्च्या पांढऱ्या मुळीला उन्हाळ्यात कीड लागते, वाफविलेली मात्र दीर्घकाळ टिकते, हे त्याचे निरीक्षण आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती या विषयाच्या अभ्यासकाने आरंभीच ध्यानात ठेवावी : वाफ देण्याची रीत रूढ होण्यास मुळी किडीपासून वाचविणे आणि दूर देशी सुखरूप पोहोचविणे ही व्यावहारिक गरज पुरेशी होती. औषधी द्रव्यांत त्यामुळे जो खोल पालट होतो त्याची रासायनिक उकल व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले.

कोरियात आज या मुळीची चार मुख्य रूपे आढळतात. जमिनीतून काढलेल्या ताज्या मुळीत सुमारे तीनचतुर्थांश पाणी असते, व ती फार दिवस राहत नाही. साल खरवडून उन्हात वाळविली की पांढरे जिनसेंग होते. सहा वर्षांची मुळी सालीसकट ९० ते १०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या वाफेत दोन-तीन तास ठेवून नंतर वाळविली म्हणजे तांबडे जिनसेंग तयार होते. आणि वाफविणे-वाळविणे हा क्रम नऊ वेळा केला असता काळे. यांपैकी तांबड्या जिनसेंगचा इतिहास हा काही अंशी कोरियाच्या महसुलाचाही इतिहास आहे. १७९७ मध्ये जोसॉन राजवटीने चीनला जाणाऱ्या वकिलातींबरोबरच्या दुभाष्यांना तांबडे जिनसेंग नेण्याचे परवाने देण्याचा कायदा केला. १८९९ मध्ये या व्यवहाराचे खाते राजघराण्याच्या खासगीकडे आले. १९०८ मध्ये मक्तेदारीचा स्वतंत्र कायदा झाला. आणि ही सरकारी मक्तेदारी १९९६ पर्यंत टिकली. पांढरे जिनसेंग वाळविण्यास कोणासही मुभा, पण वाफेचा अधिकार सरकारचा, अशी ही व्यवस्था होती. एखाद्या राज्याने वनस्पतीवर नव्हे, तर तिच्यावर करावयाच्या एका संस्कारावर मक्ता बसविल्याचे असे दुसरे ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

आता त्या संस्काराच्या अंतरंगाकडे वळू. जिनसेंगमधील ज्या द्रव्यांना मुख्यत्वे गुणकारी मानले जाते ती सॅपोनिन वर्गातील आहेत, म्हणजे आपल्याकडील रिठा व शिकेकाई ज्या द्रव्यांमुळे फेसाळतात त्यांच्याच विस्तृत गोत्रातील. जिनसेंगमधील या सॅपोनिनांना ‘जिनसेनोसाइड’ असे नाव आहे. तोक्यो विद्यापीठातील शोजी शिबाता व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात त्यांची संरचना उलगडण्याचे मोठे काम केले, आणि क्रोमॅटोग्राफीच्या पातळ थरावर जे द्रव्य जेथे थांबले त्या क्रमाने, तळापासून वर, त्यांना अक्षरे दिली : आरए, आरबी, आरसी, आरडी, आरई, आरजी, आरएच. शर्करा जितक्या अधिक तितके द्रव्य तळाशी रेंगाळते, त्यामुळे ही अक्षरे काही अंशी शर्करांच्या संख्येचाही बोध करून देतात. बहुतेक रेणूंचा गाभा चार कड्यांचा असून त्याला ‘डॅमरेन’ म्हणतात; या गाभ्याच्या ठराविक स्थानी शर्करा जोडलेल्या असतात. एका कुळात त्या तिसऱ्या व विसाव्या कार्बनवर असतात. आरबी-१ हा त्या कुळाचा प्रमुख, त्याच्या दोन्ही स्थानी दोन दोन ग्लुकोज. दुसऱ्या कुळात त्या सहाव्या व विसाव्या कार्बनवर असतात. आरई व आरजी-१ हे त्यातले. ही स्थाने वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढील सारी कथा या सांध्यांवर घडते.

उष्णतेने पहिला तुटतो तो सर्वांत नाजूक बंध. ताज्या मुळीतील जिनसेनोसाइडांचा एक मोठा भाग त्यांच्या शर्करेला मॅलोनिक आम्ल चिकटलेल्या स्वरूपात असतो. ही मॅलोनिल रूपे इतकी अस्थिर की गरम द्रावकात मुळी उकळताच ते आम्ल गळून पडते आणि साधे आरबी-१, आरसी, आरडी हाती लागतात. संशोधक प्रदीर्घ काळ गरम मद्यार्कानेच अर्क काढीत राहिल्यामुळे या रूपांचा पत्ता त्यांना लागला नाही. १९८३ मध्ये ओसाका विद्यापीठातील कितागावा यांच्या गटाने पांढऱ्या जिनसेंगमधून ती विलग केली तेव्हा असे दिसून आले की, पूर्वीच्या मोजणीत जे साधे जिनसेनोसाइड म्हणून नोंदले गेले त्यांचा काही भाग मुळीत त्या रूपाने नव्हताच, मोजण्याच्या क्रियेनेच तो निर्माण झाला होता. विश्लेषणाची पद्धती हीदेखील मुळीवर होणारा एक संस्कारच आहे, हा बोध मला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत मोलाचा वाटतो. आणि जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने तो क्षणभरही विसरता कामा नये.

वाफ आणखी चालू राहिली म्हणजे दुसरा, अधिक अर्थपूर्ण बदल होतो. विसाव्या कार्बनवरील शर्करेचा सांधा आम्लयुक्त उष्णतेत सहज निखळणारा आहे, आणि मुळीतलीच सेंद्रिय आम्ले त्याला लागणारी आम्लता पुरवितात. आरबी-१, आरबी-२, आरसी व आरडी यांच्यात जो भेद आहे तो बहुतांशी याच स्थानावरील शर्करांचा. त्या गेल्या की चौघांचाही एकच अवशेष उरतो, आणि त्याचे नाव आरजी-३. कच्च्या मुळीत हे द्रव्य जवळजवळ नसतेच. तांबड्या जिनसेंगची ओळख पटविण्याची ती खूण आहे. शर्करा निघून गेल्यावर त्या कार्बनवर पाण्यातील हायड्रॉक्सिल गट बसतो तो दोन्हींपैकी कोणत्याही बाजूने बसू शकतो, आणि त्यामुळे आरजी-३ ची ‘एस’ व ‘आर’ अशी दोन रूपे जन्मास येतात. रेणुसूत्र तेच, त्या एका कार्बनपाशी घडण मात्र डाव्या-उजव्या हातांसारखी वेगळी, आणि विद्राव्यता व जैविक क्रियाही सारखी नाही. याही पुढे उष्णता वाढविली तर आरजी-३ मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडून आरके-१ व आरजी-५ ही द्रव्ये होतात; दुसऱ्या कुळात आरई व आरजी-१ यांपासून त्याच न्यायाने आरजी-२ व आरएच-१ आणि आरएच-१ पासून आरके-३ व आरएच-४ उत्पन्न होतात. सोल येथील संशोधकांनी १००, ११० व १२० अंशांवर दोन दोन तास वाफवून या बदलांचा मागोवा घेतला आणि २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. उष्णतेचे मान जसजसे चढले तसतशी मूळची शर्करासंपन्न द्रव्ये ओसरत गेली आणि ही नवी, कमी शर्करेची द्रव्ये वाढत गेली, व त्यांबरोबर प्रयोगशाळेतील काही कसोट्यांवर अर्काची तीव्रताही वाढली. शर्करा गेल्याने रेणूची पाण्याशी सलगी कमी होते व पेशीच्या स्निग्ध आवरणातून पार होण्याची शक्ती वाढते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

तांबड्या रंगाचे मूळ मात्र सॅपोनिनांत शोधू नये. मुळीत पिष्ट भरपूर असते. वाफेत ते फुगून एकजीव होते आणि वाळल्यावर काचेसारखे कठीण बनते, व म्हणूनच मुळीत कीड शिरत नाही. काही पिष्टाची माल्टोज शर्करा होते, आणि ही शर्करा मुळीतील आर्जिनिन या अमिनो आम्लाशी संयोग पावते. भाकरीला पापुद्र्यावर जो तांबूस रंग चढतो त्याच जातीची ही क्रिया. तिच्यातून आर्जिनिल-फ्रुक्टोसिल-ग्लुकोज नावाचे संयुग आणि माल्टॉल हे सुवासिक द्रव्य निर्माण होते. केवळ जिनसेनोसाइड मोजणारे यांकडे दुर्लक्ष करतात, ते योग्य नव्हे. तसेच अतिरेकालाही मर्यादा आहे : वारंवार वाफवून कडक उष्णतेवर वाळविलेल्या काळ्या जिनसेंगमध्ये बेंझोपायरीनसारखे घातक द्रव्य उद्भवू शकते, व कोरियात त्यावर नियंत्रण ठेवावे लागते.

मुळी तयार झाल्यावरही प्रकरण मिटत नाही, कारण बाजारात येतो तो अर्क. पाण्यात उकळलेल्या काढ्यात बहुशर्करा मुबलक उतरतात. मद्यार्काचे प्रमाण वाढविले की त्या तळाशी बसतात आणि सॅपोनिने अधिक येतात. एकाच मुळीपासून काढलेले दोन अर्क अशा रीतीने दोन भिन्न औषधे ठरू शकतात. यावर उपाय म्हणून अर्कातील एकूण जिनसेनोसाइडांचे शेकडा प्रमाण ठरवून देण्याची पद्धत आली; स्वित्झर्लंडमधील ‘जी-११५’ हा ४ टक्क्यांवर प्रमाणित केलेला अर्क त्याचे सुपरिचित उदाहरण. प्रमाणीकरणाचा हेतू स्तुत्य आहे, आणि एकाच कारखान्याच्या एकाच रीतीने केलेल्या मालापुरता तो साधतोही. परंतु एकूण बेरजेच्या आकड्यावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात मोल असते ते जाड, मनुष्याकृती मुख्य मुळीला. जिनसेनोसाइडचे प्रमाण मात्र तिच्या बारीक तंतुमुळांत अधिक असते, आणि पानेही या द्रव्यांनी संपन्न असतात, त्यांतील मिश्रण मात्र निराळे. तेव्हा स्वस्त तंतुमुळे वा पाने घालूनही बेरीज जुळविता येते. त्यातून अधिक वाफविलेल्या मुळीत एकूण बेरीज घटून आरजी-३ वाढलेले असते, म्हणजे ज्या गुणासाठी ग्राहक पैसे मोजतो तो वाढत असता दफ्तरातील आकडा उतरतो.

या संस्कारमालिकेतील शेवटचा दुवा आपल्या उदरात आहे. आतड्यांतील जंतू आरबी-१ वर निराळ्या दिशेने काम करतात : विसाव्या स्थानावरील बाहेरची शर्करा, मग तिसऱ्या स्थानावरील दोन्ही, अशा क्रमाने त्या काढून टाकीत ते ‘कंपाउंड के’ या द्रव्यापर्यंत येतात, ज्यात विसाव्या कार्बनवरची एकच शर्करा शिल्लक असते. वाफ जी शर्करा प्रथम उडविते तीच जंतू शेवटपर्यंत जपतात. आणि म्हणून शिजविलेल्या व कच्च्या मुळीपासून रक्तात पोहोचणारे पदार्थ एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. माणसामाणसांतील जंतुसमूह भिन्न, त्यामुळे हे रूपांतर कोणात भरपूर होते, कोणात अल्प. अलीकडे कारखान्यातच जिनसेंग आंबवून हे काम आगाऊ उरकण्याचा प्रघात पडला आहे तो याच कारणास्तव.

उष्णतेने काय निर्माण होते याप्रमाणेच काय नष्ट होते हेही पाहिले पाहिजे, आणि येथे विषय महाराष्ट्राच्या अगदी दाराशी येतो. पूर्व विदर्भात पिकणाऱ्या लाखेच्या डाळीचे दीर्घकाळ व अतोनात सेवन केल्यास पाय लुळे पडतात. त्याला कारणीभूत असलेले अमिनो आम्ल १९६४ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व सर्मा यांनी विलग केले. हेच द्रव्य पुढे जिनसेंगच्या जातीतही आढळले. युन्नान प्रांतातील सानची या भगिनी वनस्पतीत ते रक्तस्राव थांबविणारे म्हणून ओळखले जाते. आणि चिनी वैद्यांनी कच्ची सानची रक्त थांबविण्यासाठी व वाफविलेली सानची बल्य म्हणून, असा जो विभाग परंपरेने केला आहे त्याचा अन्वयार्थ यातून लागतो, कारण शिजविल्याने ते द्रव्य कमी होते आणि सॅपोनिनेही पालटतात. एकाच रेणूला गोंदिया-भंडाऱ्याच्या ताटात विष आणि युन्नानच्या बटव्यात औषध म्हणून स्थान मिळावे, हे मात्रा आणि संस्कार यांच्या महत्त्वाचे यथार्थ निदर्शक आहे.

मग यातून रोग्याला काय लाभते? येथे लेखणी आवरावी लागते. वर सांगितलेल्या गुणांचा बराच पुरावा काचपात्रातील पेशींचा व उंदरांचा आहे. २००४ मध्ये शिलादित्य सेनगुप्ता, राम शशिशेखरन व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की आरजी-१ नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देते आणि आरबी-१ तिला आवर घालते, तेव्हा ज्या अर्कात ज्याचे पारडे जड त्याप्रमाणे फळ उलट येऊ शकते. मनुष्यांवरील प्रयोगांपैकी टोरोंटो येथील अनुभव अत्यंत बोधप्रद आहे : २००० मध्ये तेथे अमेरिकन जिनसेंग दिल्याने जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढल्याचे आढळले, आणि २००३ मध्ये त्याच गटाने त्याच जातीच्या, पण जिनसेनोसाइडांचे मिश्रण निराळे असलेल्या दुसऱ्या मालावर प्रयोग केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. पहिल्या प्रयोगावरच जाहिरात उभारणाऱ्यांनी दुसरा प्रयोगही वाचावा.

आपल्या बाजारात ‘भारतीय जिनसेंग’ या नावाने अश्वगंधा विकली जाते. अश्वगंधेची योग्यता तिच्या ठिकाणी आहे. परंतु ती वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, तिची द्रव्ये विथॅनोलाइड, आणि जिनसेनोसाइड तिच्यात नाही. तेव्हा या उसन्या नावाने दोन्ही वनस्पतींचा अपमान होतो, आणि जिनसेंगबद्दल या पुस्तकात जे सांगितले आहे त्यातले काहीही अश्वगंधेला लागू करू नये. तिच्याबद्दल अशीच चौकशी स्वतंत्रपणे व्हावयास हवी. आयुर्वेदात संस्काराने द्रव्याचे गुण पालटतात हा सिद्धांत चरकाच्या विमानस्थानापासून मान्य आहे, आणि त्याची प्रचीती बचनागाइतकी क्वचितच कोठे येते : गोमूत्रात भिजवून वा दुधात उकळून त्याचे शोधन केले म्हणजे अकोनिटिन या उग्र विषाचे तुकडे पडून त्याची बाधकता पुष्कळच उतरते. परंतु किती वेळ, किती उष्णता, आणि शेवटी किती अकोनिटिन उरले, याची नोंद बहुतेक औषधशाळांच्या कागदपत्रांत ग्राहकाला पाहावयास मिळत नाही. कोरियाने एका मुळीसाठी ही मेहनत घेतली, आणि तिच्या वाफेचा प्रत्येक अंश व प्रत्येक तास आज हिशेबात आहे. महाराष्ट्रातील आयुर्वेद महाविद्यालये आणि रसायनशास्त्राचे विभाग यांना माझी विनंती आहे की त्यांनी बचनाग, बिब्बा आणि गुग्गुळ यांच्या शोधनाचे असेच मोजमाप एकत्र बसून करावे, आणि निष्पन्न झालेले आकडे मराठीत छापावेत. वाचकांना एवढेच सांगणे की जिनसेंगची बाटली हाती घेतल्यावर जात कोणती, भाग कोणता, मुळी वाफविलेली की वाळविलेली, आणि अर्क पाण्याचा की मद्यार्काचा, हे चार प्रश्न विक्रेत्याला विचारावेत, आणि उत्तरे मिळाली नाहीत तर ती बाटली परत ठेवावी.